आधी पक्ष सांगा, मग गुन्हा

आमच्या नांदेड-लातूरकडच्या माणसाला कुठलाही घोटाळा सांगून पाहा, तो एकदम भडकत नाही. आधी विचारतो, "माणूस कुणाचा हाय?" ते कळल्याशिवाय भडकायचं की न्यायव्यवस्थेवर विश्वास ठेवायचा, हे त्याला ठरवता येत नाही. समोरच्या पक्षाचा असला तर भ्रष्टाचार. आपला असला तर सूडाचं राजकारण. आणि परवापर्यंत समोरचा होता, पण कालच आपल्यात आला असला, तर "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यावर बोलणं बरं नव्हं."

मराठवाड्याच्या नशिबी कायम अनुशेष, अशी आपली तक्रार असते. पाण्याचा अनुशेष, रेल्वेचा अनुशेष, उद्योगांचा अनुशेष. पण 'आदर्श' गृहनिर्माण सोसायटीच्या चौकशीत आपल्याला भरभरून वाटा मिळाला. कुलाब्यातल्या त्या ३१ मजल्यांना राजकीय आश्रय कुणी दिला, हे सांगताना न्या. जे. ए. पाटील आयोगाने चार माजी मुख्यमंत्र्यांची नावं घेतली. विलासराव देशमुख आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर लातूर जिल्ह्याचे, अशोकराव चव्हाण नांदेडचे. चौथे सुशीलकुमार शिंदे, सोलापूरचे, म्हणजे पाहुण्यातलेच. चारांत तीन! वैधानिक विकास मंडळाला इतक्या वर्षांत हे प्रमाण साधलं नाही.

या आयोगापुढे २०१२ साली जे झालं, ते आमच्या शाळांत नागरिकशास्त्राला लावायला हवं. शिंदेंनी शपथेवर सांगितलं की, जमिनीचं ठरलं ते विलासरावांच्या काळात. विलासरावांनी शपथेवर महसूल खात्याकडे बोट दाखवलं. महसूलमंत्री होते अशोकराव. त्यांनी शपथेवर ते बोट पुन्हा मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाकडे वळवलं. तिघेही एकाच पक्षाचे. तिघांचंही खरं मानलं तर ती इमारत आपोआप उगवली असं म्हणावं लागेल. तरी आयोगापुढे खोटं बोलल्याबद्दल कुणावर खटला भरावा, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये अहवाल विधिमंडळात आला आणि काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारने तो त्याच दिवशी फेटाळला. मग राहुल गांधी जाहीरपणे म्हणाले, हे काही पटलं नाही. लगेच सरकारलाही पटेनासं झालं आणि जानेवारीत अहवाल अंशतः स्वीकारला गेला. 'अंशतः' म्हणजे अधिकाऱ्यांपुरता. पुढाऱ्यांचा अंश वगळून.

त्याच डिसेंबरात राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी अशोकरावांवर खटला भरायला सीबीआयला परवानगी नाकारली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी ती दिली. राजभवन तेच, आरोपीही तेच. मधल्या काळात बदललं होतं ते दिल्लीतलं आणि मुंबईतलं सरकार. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ही परवानगी रद्द केली, कारण कोर्टात टिकेल असा नवा पुरावाच सीबीआयकडे नव्हता. अशोकरावांना कुठल्याही न्यायालयाने दोषी ठरवलेलं नाही, हे इथे स्वच्छ सांगायला हवं. मी हे २०१७ पासून सांगतोय. भाजपच्या मित्रांना ते पटायला मात्र फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला.

तो फेब्रुवारी आठवा. आठ तारखेला केंद्र सरकारने संसदेत श्वेतपत्रिका मांडली. यूपीएच्या काळातल्या घोटाळ्यांच्या यादीत 'आदर्श' होतं. तेरा तारखेला अशोकराव मुंबईत भाजपच्या कार्यालयात. चौदाला राज्यसभेची उमेदवारी. पहिल्याच पत्रकार परिषदेत त्यांनी सवयीने आशिष शेलारांना मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष म्हटलं आणि सगळे हसले. जुनी सवय होती, चालायचंच. पण श्वेतपत्रिकेची शाई वाळायच्या आत नवी सवय लावून घेणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांचं कौतुक कुणी केलं नाही. १४ वर्षं ज्या नावापुढे घोटाळा हा शब्द लावून घसे बसवले, त्याच नावाच्या कमानी त्यांना रातोरात उभारायच्या होत्या. काँग्रेसवाल्यांचंही तेच, फक्त उलट्या दिशेने. बारा तारखेच्या सकाळपर्यंत 'साहेबांना गोवलं' म्हणणाऱ्यांना संध्याकाळी एकाएकी 'आदर्श'मधला साहेबांच्या सासूबाईंचा फ्लॅट आठवला.

अशोकरावांच्या भोकर मतदारसंघाचं प्रकरण तर त्याहून रसाळ. २००९ च्या विधानसभेला मोठमोठ्या दैनिकांत 'अशोक पर्व' नावाने पानंच्या पानं सजली. तरुण, तडफदार नेतृत्वाची स्तुती करणारा एकच लेख वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन्‌शब्द छापून आला. पत्रकार पी. साईनाथांनी ते उघडं पाडलं. उमेदवाराने खर्चाच्या हिशोबात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींपोटी दाखवले होते ५,३७९ रुपये. त्या पैशात तेव्हा एखाद्या मोठ्या दैनिकात दशक्रिया विधीची चौकट आणि वर एक छोटा फोटो आला असता. इथे अख्खं पर्व आलं!

अशोकरावांविरुद्ध लढलेले माधवराव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. भाजपकडून किरीट सोमय्याही तक्रारीला होते. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खर्चाचा हिशोब खरा की खोटा हे आयोग तपासू शकतो. जुलैत आयोग म्हणाला, हिशोब नीट दिलेला नाही. सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. पाच वर्षांची मेहनत वर्षभरात निकालात निघाली. त्याच वर्षी किन्हाळकर भोकरमधून भाजपचे उमेदवार होते आणि चव्हाणांच्या घरच्या उमेदवाराकडून पडले. २०२४ मध्ये चव्हाणांची लेक भोकरमधून आमदार झाली, भाजपच्या चिन्हावर. त्या पक्षाच्या तक्रारींची फाईल आता कोणत्या कपाटात ठेवायची, हा मोठाच प्रश्न झाला असेल.

जुन्या काळी सगळे धुतल्या तांदळासारखे होते, असं म्हणायचा माझा इरादा नाही. पण १९८६ मध्ये लेकीच्या एमडी परीक्षेतल्या गुणांवरून उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले, तेव्हा मुख्यमंत्री निलंगेकरांना खुर्ची सोडावी लागली. त्या खुर्चीवर आले नांदेडचे शंकरराव चव्हाण. लातूरचा गेला, नांदेडचा आला; मराठवाड्याचं काही नुकसान झालं नाही. आज परीक्षेच्या गुणांवरून मुख्यमंत्री जाईल? आज मंत्र्यांच्या मुलांना परीक्षाच कशाला द्यावी लागते, असं आमचा पानवाला विचारतो.

शपथेवरच्या खोट्याचा न्याय अमेरिकेतही असाच पक्ष बघून होतो. १९९८ मध्ये बिल क्लिंटन शपथेवर खोटं बोलले म्हणून रिपब्लिकनांना लोकशाही बुडताना दिसली. २००७ मध्ये रिपब्लिकनांच्याच सरकारातले स्कूटर लिबी त्याच गुन्ह्यात दोषी ठरले, तर बुश यांनी तुरुंगवास माफ केला आणि पुढे ट्रम्प यांनी उरलंसुरलं धुऊन टाकलं. डेमोक्रॅटांची भाषणंही तोवर बरोब्बर उलटी झाली होती. आपल्याकडे २०१४ च्या शपथपत्रात दोन खटले लिहिले नाहीत म्हणून देवेंद्र फडणवीसांवर खटला चालला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये पुन्हा उभा केला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. बच्चू कडूंना मुंबईतला फ्लॅट शपथपत्रात न लिहिल्याबद्दल फेब्रुवारी २०२२ मध्ये दोन महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा ते महाविकास आघाडीत राज्यमंत्री होते. जूनमध्ये बंडखोर आमदारांबरोबर गुवाहाटीला गेले आणि तो फ्लॅट कुणाच्याच भाषणात राहिला नाही.

आता लातूरच्या कोर्टाच्या आवारात या. झाडाखाली टाइपवाला बसलेला, समोर औशाकडचा एखादा शेतकरी. वाटणीच्या दाव्यात शपथपत्र द्यायचंय. टाइपवाला वाचून न दाखवताच अंगठ्याची जागा दाखवतो: 'वरील मजकूर खरा व बरोबर आहे.' हा मजकूर जाणूनबुजून खोटा निघाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ प्रमाणे त्या शेतकऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्याच्या मतावर निवडून यायला निघालेल्या उमेदवाराने अर्जासोबतच्या शपथपत्रात खोटं लिहिलं तर? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२५ अ सांगतं: जास्तीत जास्त सहा महिने, किंवा नुसता दंड. शिवाय या गुन्ह्यात दोषी ठरला तरी तेवढ्यावरून तो अपात्र होत नाही. पुढची निवडणूक लढायला, पुढचं शपथपत्र द्यायला मोकळा.

ही शिक्षा किमान दोन वर्षं करा आणि दोषी माणसाला अपात्र ठरवा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१४ मध्येच केली आहे. तेव्हापासून सभागृहांत कशाकशावरून कागद फाटले, माईक तुटले. या शिफारशीवरून एकही कागद फाटला नाही.

नांदेडला सध्या दोन चव्हाण खासदार आहेत, राज्यसभेत भाजपचे अशोकराव, लोकसभेत काँग्रेसचे रवींद्र. तुमच्या गावात सप्त्याला, लग्नाला, उद्घाटनाला ते येतातच. हार घालून झाला की दोघांनाही एकच प्रश्न विचारा: कलम १२५ अ बदलायचं विधेयक तुम्ही कधी मांडताय? आणि विचारताना उपरण्याचा रंग बघू नका.