साखर, अंडी आणि लोकसहभाग

सरकारी स्वयंपाकघरं आरोग्यदायी आणि शाश्वत करण्यात आपलं राज्य पुढं आहे, हे विरोधकांनीही आता मान्य करायला हरकत नाही. 2023मध्ये शाळेतल्या पोरांना आठवड्याला एक अंडं मंजूर झालं, न खाणाऱ्यांना केळं. 2024च्या जूनमध्ये खिचडीला बढती मिळाली. भाताचा प्रकार, मोड आलेली कडधान्यं आणि वर गोड म्हणून खीर नाहीतर नाचणी सत्त्व. जीआरमध्ये हे ताट फारच देखणं दिसत होतं.

मग 2025च्या जानेवारीत हिशेब झाला. अंडी आणि साखर हवी असेल तर शाळेने लोकसहभागातून मिळवावी, असं ठरलं. साखर, बरं का! साखर कारखान्याच्या पायरीवरून कितीतरी जण थेट मंत्रालयात पोचले, त्या राज्यात खिरीच्या साखरेसाठी हेडमास्तरांनी दारोदार वाटी फिरवायची. यामागे पोरांच्या दातांची काळजी असणार. उगाच संशय नको.

आता शाश्वततेचं. ती शाळेत स्वयंपाकाच्या मावशींच्या रूपाने वावरते. मानधन महिना 2500 रुपये, त्यामुळे महागाईचा त्यांना स्पर्श होत नाही. मटकीला मोड आणायचे तर ती भिजवून, निथळून, फडक्यात घट्ट बांधून उबेला ठेवावी लागते. शाळेची खोली रात्री उंदरांच्या ताब्यात, म्हणून पुरचुंडी मावशींच्या घरी मुक्कामाला जाते. सिलिंडर वेळेवर आला नाही की चूल पेटते. सरपण पुन्हा उगवतं, तेव्हा ही हरित ऊर्जाच झाली. धूर मावशींच्या डोळ्यांत जातो. त्याचा रकाना कुठल्याच नोंदवहीत नाही. चवीची नोंदवही मात्र आहे, साठ्याची आहे, आणि आज किती जेवले ते ॲपवर भरायचं असतं.

पाचवीपर्यंतच्या एका पोरामागे, तांदूळ सोडून, 2025च्या मेपासून 6 रुपये 78 पैसे. त्यात 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल, मीठमसाला आणि जळण. एवढ्यात टपरीवर कटिंगसुद्धा मिळत नाही, पण टपरीवाल्याकडे नियोजन नसतं. वरच्या 78 पैशांत काय येतं, असं मी एका मावशींना विचारलं. "कोथिंबिरीची दांडी," त्या म्हणाल्या. "पानं सायबांची तपासणी असली तर."

भाजीसाठी परसबागेची सोय आहेच. स्पर्धा होतात, बक्षिसं लागतात. मे महिन्यात पाणी कुणी घालायचं हा प्रश्न शेळ्या परस्पर सोडवतात.

लोकसहभागाला मात्र आमच्या तालुक्यात उदंड प्रतिसाद आहे. एका पुढाऱ्याने वाढदिवसाला अख्ख्या शाळेला अंडी जाहीर केली. फ्लेक्स लागला. वाढदिवस नेमका श्रावणात आला, म्हणून अंड्यांची केळी झाली. एकेका केळाबरोबर एकेक फोटो निघाला, तेवढ्यात मधली सुट्टी संपली. पोरांची काहीच तक्रार नाही. चौथीच्या वर्गाला आता तालुक्यातल्या यच्चयावत पुढाऱ्यांच्या जन्मतारखा पाठ आहेत, आणि त्यातले श्रावणाबाहेरचे किती, तेही.