तळहाताएवढा लोकसहभाग

हल्ली कुठलीही भिंत कोरी दिसली की तिच्यावर झाड उगवतं. त्याला बी लागत नाही, पाणी लागत नाही. जवळपास एखादं महाविद्यालय असलं की पुरतं. खोड तपकिरी, फांद्या तपकिरी आणि पानांच्या जागी वस्तीतल्या माणसांचे हात. हिरव्या रंगात तळवा बुडवायचा, भिंतीवर दाबायचा, झालं एक पान. अशी शंभरेक पानं लागली की त्याला ‘लोकसहभागातून साकारलेली सार्वजनिक कला’ म्हणायचं आणि पुढे बॅनर धरून फोटो काढायचा. बॅनरमुळे झाड दिसत नाही, पण त्याला इलाज नाही.

आमच्याकडचं झाड नाल्याकाठच्या वस्तीत, सार्वजनिक शौचालयाच्या मागच्या भिंतीवर उगवलं. दर्शनी भिंत मोकळी नव्हती. 2016 साली स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं तेव्हापासून तपासणीचं पथक येण्याच्या सुमारास तिच्यावर मोर काढला जातो, आणि एकावर एक इतके मोर झालेत की भिंत जाड झाली आहे.

विद्यार्थी गुणी होते, हे आधीच सांगतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर समाजाशी नातं जोडणं हा पदवीचा रीतसर विषय झाला आहे. 2 क्रेडिटचा विषय, एका क्रेडिटला 30 तास. म्हणजे 60 तासांत नातं जोडून, त्याचा अहवाल स्पायरल बाइंडिंग करून सरांच्या टेबलावर ठेवायचा. पहिले काही तास वर्गातच गेले. सरांनी पडद्यावर शिकागोची 1967 सालची भिंत दाखवली. कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या एका इमारतीवर त्यांच्याच चित्रकारांनी आपले गायक, खेळाडू, पुढारी रंगवले होते. भिंतीवर कोण हवं नि कोण नको यावरून त्यांच्यात कडाक्याचे वाद झाले, काही चित्रं पुसून नव्याने काढली गेली. हे वाद ज्या स्लाइडवर होते ती वेळेअभावी वगळण्यात आली. पुढच्या स्लाइडवर थेट झाड.

मग प्रश्नावली. ‘तुम्हाला या भिंतीवर काय पाहायला आवडेल?’ पर्याय चार: निसर्ग, संस्कृती, स्त्रीशक्ती, इतर. बायांनी एका सुरात सांगितलं, दाराला आतून कडी. प्रश्न विचारणारी पोरगी गोंधळली. “नाही मावशी, भिंतीवर काय हवंय?” “भिंतीवर काय बी नको गं बाई. एकीनं आत जायचं आन् दुसरीनं बाहेर दार धरून उभं राहायचं, असं किती दिवस करायचं?” पोरगी खरंच चांगली, तिने शब्दन् शब्द लिहून घेतला. अहवालात आता एक रंगीत पाय-चार्ट आहे आणि त्यात ती कडी ‘इतर’ नावाच्या करड्या फाकेत आहे. सर्वाधिक पसंती स्त्रीशक्तीला मिळाली.

एका गटाला वारली हवी होती. वस्तीतली माणसं बीड, हिंगोली, परभणीकडची, कामाच्या मागे आलेली. वारली तिथे औषधालाही नाही. पण उड्डाणपुलाचा खांब असो की शाळेचं कुंपण, तारपा वाजल्याशिवाय महाराष्ट्रात भिंत रंगवून पूर्ण होत नाही. डहाणू-तलासरीकडे लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिणाऱ्या सवाशिणींना याची खबर असायचं कारण नाही. सुदैवाने ज्याला तारपा काढता येत होता तो पोरगा त्या आठवड्यात आजारी पडला, म्हणून झाडावर भागलं.

तर, हात. एका शनिवारी सकाळी पत्र्याच्या ताटांत हिरवा रंग ओतून मुलं उभी राहिली आणि वस्ती रांगेत आली. रांग लावायची वस्तीला सवय आहे. टँकरला लावतात, दवाखान्यात लावतात, ही एक रंगाची. “काकू, उजवा हात द्या. बोटं पसरा. अंगठा थोडा जवळ घ्या, पान वाटलं पाहिजे.” ठसा उमटला रे उमटला की एक मुलगा मोबाइलवर त्याचा फोटो काढत होता. त्या फोटोंवर अक्षांश आहेत, रेखांश आहेत, तारीख आहे, वेळ सेकंदापर्यंत आहे, तेव्हाचं तापमानसुद्धा आहे. नाव नाही. नावाला चौकट नव्हती. लहान पोरांनी दोन्ही हात दिले, ते दोन लाभार्थी मोजले गेले. एका तान्ह्याचं पाऊल उमटवलं, त्याची नोंद ‘भावी पिढी’ अशी झाली. ठसे झाल्यावर हात धुवायला शौचालयाचा नळ सोडला तर तो कोरडा. तेव्हा वस्तीतल्या बाया हिरवे हात घेऊनच कामावर गेल्या आणि दुपारपर्यंत चार-दोन सोसायट्यांच्या स्वयंपाकघरांत लोकसहभागाची चौकशी झाली.

भिंतीवर हात उमटवायचा सोस माणसाला फार जुना. नव्या घराच्या भिंतीला हळदीकुंकवाचे हात लावतात, पोळ्याला बैलाच्या पाठीवर गेरूचे ठसे उठतात, आणि त्यासाठी आजवर कोणी समन्वयक नेमल्याचं ऐकिवात नाही. अर्जेंटिनात तर ‘हातांची गुहा’ म्हणून एक जागाच आहे. हजारो वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी खडकावर हात टेकवून भोवती रंग फुंकला. रंग उडाला, हाताची आकृती राहिली. त्यातले बहुतेक हात डावे आहेत. कारण, असं मानतात, की उजव्या हातात रंग फुंकायची नळी होती. ज्याचा हात त्याचंच चित्र. आमच्या झाडावरचे जवळजवळ सगळे हात उजवे आहेत. उजव्या हाताला दुसरं काही काम दिलेलंच नव्हतं.

रांगेत एक गृहस्थ होते. कंपनीत पॉवर प्रेसवर असताना त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्यांनी हात पुढे केला तेव्हा ताट धरलेला मुलगा क्षणभर थांबला आणि अगदी अदबीने म्हणाला, “काका, डावा देता का? पान पूर्ण आलं पाहिजे.”

काकांनी डावा दिला. मी त्या मुलाला दोष देत नाही, त्याला पान पूर्ण करायचे गुण होते. पण ज्यांनी त्याला 60 तास शिकवलं त्यांना कोणी तरी विचारलं पाहिजे, की बाबांनो, त्या भिंतीवर उमटवण्याजोगा एकच हात त्या वस्तीत होता आणि तोच तुम्ही परत पाठवलात. आणि बाकीच्या हातांची गोष्ट ऐका. त्यातल्या कितीतरी हातांचा अंगठा रेशनच्या मशीनवर लागत नाही. भांडी घासून, सिमेंट कालवून, फिनेल पुसून बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. दुकानदार सांगतो, हात धुऊन या. मग सांगतो, खोबरेल लावून या. मग सांगतो, दुसरं बोट लावा, मग नेट नाही, मग उद्या या. आणि उद्याचा रोज बुडतो तो निराळाच. सरकारच्या मशीनला हे हात ओळखू येत नाहीत, तिथे यांच्यासाठी एक शनिवार द्यायला कोणाला सवड नाही, भिंतीवर मात्र त्याच हातांची झाडं लावायची घाई. आणि उद्या वस्तीतल्याच एखाद्या पोराने ब्रश उचलून त्याच भिंतीवर ‘नळ दुरुस्त करा’ असं लिहिलं, तर मालमत्तेच्या विद्रूपणाचा 1995 चा कायदा तयार आहे. त्यात दंड आहे, कैदही आहे. तेव्हा त्या पोराला बोटं पसरा, अंगठा जवळ घ्या, असं मऊ आवाजात कोणी सांगणार नाही.

जाऊ द्या. रंगाकडे वळतो.

याच वस्तीत एक रंगारी राहतो. रंगारी म्हणजे धंद्याने रंगारी, ज्याच्या हातावर बाराही महिने रंग असतो आणि त्याला कोणी सार्वजनिक कला म्हणत नाही. पहिल्याच दिवशी त्याने येऊन भिंतीला तळवा लावला (हा सहभाग कुठल्याच फोटोत नाही) आणि सांगितलं, “ओल हाय. वरची टाकी गळतीय. आधी टाकी बघा. मग भिंत खरवडा, चांगली वाळू द्या, प्रायमर मारा, मग झाड काढा न्हायतर जंगल काढा. असंच मारलं तर पावसात पोपडे धरंल.” मुलांनी ऐकून घेतलं. “मामा, खूप छान सांगितलंत,” म्हणाली. आणि त्याच्यापुढे हिरव्या रंगाचं ताट धरलं. आयुष्यभर इतरांच्या भिंती रंगवलेल्या माणसाला हात कसा दाबायचा ते दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने समजावून सांगितलं, प्रात्यक्षिकासह. खोडाच्या डाव्या बाजूला, तिसऱ्या फांदीवर तो आहे. ठसा इतका स्वच्छ उमटला की मुलांनी टाळ्या वाजवल्या.

हा माणूस मुळात पाट्या रंगवायचा. खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारली की बोर्डावर सरळ रेघ उठते, तिच्यावर अक्षर आधी खडूने आखायचं आणि मग चपट्या ब्रशने एका दमात ओढायचं. ‘श्री’ची वेलांटी कुठे जाड आणि कुठे बारीक हे त्याच्या मनगटाला ठाऊक होतं. किराणा दुकानं, पिठाच्या गिरण्या, ट्रकच्या मागचे फाळके, तालमीची कमान, सगळं त्याच्या हातचं. मग फ्लेक्स आला. आता मला फ्लेक्सवर बोलायला लावू नका. पण लावलंच आहे तर ऐका. फ्लेक्स आला आणि या राज्यातून ऱ्हस्व-दीर्घ हद्दपार झाले. ‘हार्दीक’, ‘आर्शीवाद’, ‘शुभेच्छूक’. रंगाऱ्याची चूक झाली तर पुसायला घासलेट लागायचं, म्हणून तो चूक करायच्या आधी मास्तरांकडून मजकूर तपासून घ्यायचा. आता चूक करायला घासलेट लागत नाही आणि मास्तर स्वतःच फ्लेक्सवर असतात, गॉगल घालून, खालच्या ओळीत डावीकडून चौथे. वाढदिवसाचा फ्लेक्स, निवडीचा फ्लेक्स, फेरनिवडीचा फ्लेक्स, दहाव्याचा फ्लेक्स. चौकातला सिग्नल त्याच्यामागे, बसथांब्याची पाटी त्याच्यामागे, आणि उतरवला की नाल्यात, म्हणजे पावसाळ्यात पुन्हा याच वस्तीच्या दारात. तर त्या झाडाच्या माथ्यावरही फ्लेक्स आहे. ‘भींत बोलते’ असं त्यावर लिहिलंय, पहिली वेलांटी दीर्घ. खाली प्रेरणा, संकल्पना, मार्गदर्शन, समन्वय आणि विशेष सहकार्य असे फोटो आहेत. एवढ्या गर्दीत झाड रंगवणाऱ्या मुलांनाही जागा उरली नाही, त्यांना ‘व इतर’ मिळालं. दाराच्या कडीला जे मिळालं तेच. फ्लेक्सच्या खाली, हातभर अंतरावर, उभ्या राज्यात सर्वांत देखणं ‘श्री’ काढू शकणारा माणूस हिरवं पान होऊन भिंतीला चिकटला आहे.

पावसाळ्यात अर्थातच पोपडे धरले. टाकीखालची फांदी आधी गेली, मग उजवीकडची. बायांनी आपापले हात केरात भरून टाकले. अहवाल तोवर दाखल होऊन गुण मिळाले होते, त्यामुळे पानगळीचा निकालावर परिणाम झाला नाही.

यंदा नवी तुकडी आली. विषय ‘भित्तिचित्रांचे जतन व संवर्धन’, क्रेडिट तेवढीच. या मुलांना कोणी तरी सुबुद्धी दिली असावी, कारण ती सरळ रंगाऱ्याकडे गेली आणि खर्च विचारला. त्याने कानावरची पेन्सिल काढून पुठ्ठ्यावर हिशेब मांडला: टाकीची गळती, खरवडणं, परांची, प्रायमर, दोन हात रंग, दोन माणसांची चार दिवसांची मजुरी, आणि कोणी मागितलेली नसताना तळाशी दारांच्या कड्या, नगाप्रमाणे. सोबत आलेल्या सरांनी पुठ्ठा नीट वाचला. साहित्याला तरतूद आहे म्हणाले, बॅनरला आहे, चहा-नाश्त्याला आहे. मजुरीचं शीर्षच नाही. शेवटी लोकसहभाग आहे, म्हणाले, मजुरी कशी दाखवणार? तुम्ही असं करा, गेल्या वर्षीसारखा हात द्या.

रंगाऱ्याने पुठ्ठा परत घेतला, पेन्सिलीला थुंकी लावली आणि सगळ्यात खाली एक ओळ वाढवली. ‘हात उमटवणे, उजवा, प्रति नग 200 रुपये. ओल्या भिंतीवर उमटवून घेतल्यास गॅरंटी नाही.’