कुलूपवाल्याची पंचाईत

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 वरून हात काढला आणि डीटीपीवाल्यांनाही लिनक्स आठवलं. एकतर फुकट, वर सोबत वाईन. (ही बाटली आडवी करायला मतदान लागत नाही.) विंडोजचा प्रोग्रॅम म्हणतो, फाइल उघड, वाईन ती मागणी लिनक्सला समजेल अशी करून पुढे सरकवते. प्रोग्रॅमला वाटतं, आपण अजून बिल गेट्सच्याच ओसरीवर बसलोय. हा खटाटोप 1993 चा, 1.0 आवृत्ती उगवली 2008 मध्ये.

बत्तीस शिराळ्याला ही विद्या कुणी शिकवायला नको. तिथली जिवंत नागांची पंचमी 1972 च्या वन्यजीव कायद्यावर चालेना, न्यायालयानेही अडवली. मग 2025 मध्ये केंद्राने 21 नाग पकडायला परवानगी दिली, ती शैक्षणिक कारणासाठी! परंपरा जुनीच, अर्ज तेवढा कायद्याला समजेल असा.

वाईनचे हात मात्र तोकडे. मराठी अक्षरजुळणीचे काही जुने प्रोग्रॅम यूएसबीला लावायचं कुलूप, म्हणजे डोंगल, मागतात. डोंगलला विंडोजचा ड्रायव्हर हवा, आणि तिथवर वाईन सहसा पोचत नाही. त्यामुळे पावती फाडून घेतलेली प्रत डोंगल लावलेला असूनही ‘डोंगल लावा’ म्हणत अडून बसते. पेनड्राइव्हवरून आलेली, कुलूप फोडलेली प्रत बिनबोभाट उघडते. लग्नपत्रिका, मंडळाची पावतीपुस्तकं तिच्यावरच जुळतात. कॉपीराइट जनजागृती शिबिराचं निमंत्रणही बहुधा तिच्यावरच.