घाम अंगात की अंगावर?

मोबाइलवरचा खेळ बदलताना पोरं आधी चित्रं बघतात, मग फोनमध्ये जागा किती खातो ते बघतात, मग दोस्तमंडळी कुठे गेली ते बघतात. मेल्यावर काय होतं, हे मात्र कुणी बघत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच. या खेळात मी मेलो तर माझं काय जाईल, आणि ते कोण नेईल?

मध्य प्रदेशात सौसरजवळच्या रामाकोन्याचा आमचा पुतण्या काही वर्षांपासून 'ओल्ड स्कूल रूनस्केप' खेळतो. आता त्याला 'अल्बियन ऑनलाइन' खुणावतोय. २०२० च्या सप्टेंबरात पबजी बंद झाला आणि २०२२ च्या फेब्रुवारीत फ्री फायर, तेव्हा पोरांना खेळ सरकारनेच बदलून दिला होता, सल्ला मागायची सोयच नव्हती. हा मात्र आपखुशीने बदलतो म्हणतो. "काकाजी, हा सोडून तो धरू का?" असं त्याने विचारलं तेव्हा मला आधी वाटलं, नोकरीचं विचारतोय. हुरळून गेलो होतो.

तसा या विषयावर बोलायचा अधिकार आम्हा लोकांना आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आमचा अख्खा सर्व्हरच बदलला. त्याच्या आदल्या दिवशी राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि राजधानी नागपूर. दुसऱ्या दिवशीही राज्याचं नाव मध्य प्रदेशच, पण राजधानी भोपाळ! विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा होता तिथेच राहिला. मग २०२३ च्या ऑक्टोबरात सौसर आणि पांढुर्णा छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा जिल्हा केला. रामाकोन्याचा माणूस कन्हान नदी न ओलांडता एकदा राजधानी बदलून बसला, एकदा जिल्हा. आणि दोन्ही वेळा त्याला विचारलं कुणी? नाव घेऊ नका.

म्हणून रूनस्केपची एक गोष्ट ऐकून मला हेवा वाटला. हा खेळ गोवर बंधूंनी २००१ मध्ये सुरू केला. पुढे जॅगेक्स या कंपनीने तो सुधारत सुधारत इतका सुधारला की जुनी माणसं चिडून निघून गेली. शेवटी २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने खेळाडूंचं मत घेतलं. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि ऑगस्ट २००७ मधली जुनी प्रत कपाटातून काढून पुन्हा चालू केली. तेव्हापासून या जुन्या रूपात काहीही मोठं नवं आणायचं तर आधी मतदान. पूर्वी पंचाहत्तर टक्के लोक हो म्हणायला लागत, २०२२ पासून सत्तर टक्के. नौकानयन हे नवं कौशल्य आणायचं की नाही, यावर २०२३ मध्ये मतदान घेतलं. खोट्या समुद्रात खोटी होडी घालायची, त्याला सत्तर टक्के! आपल्याकडे नुसतं मतदान सत्तर टक्के झालं तरी अधिकारी एकमेकांचे सत्कार करतात.

अल्बियनमध्ये असलं काही नाही. तो बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्हने २०१७ मध्ये आणला, २०१९ पासून फुकट केला, २०२१ च्या जूनमध्ये मोबाइलवर आणला. नियम कंपनी ठरवते, भाव खेळाडू ठरवतात. इथल्या माणसाला ही वाटणी ओळखीची वाटेल, फक्त आपल्याकडे भाव ठरवणारा खेळाडू आपण नसतो.

आता घामाचं बोलू, कारण दोन्ही खेळ मुळात घामाचे आहेत. तलवारी आणि राक्षस जाहिरातीपुरते. पुतण्याला मी खेळताना पाहिलंय. ओढ्याकाठच्या विलोच्या झाडापुढे त्याचा माणूस उभा, कुऱ्हाड चालतेय, ठक ठक, लाकडं पिशवीत पडतायत. पिशवी भरली की बँकेत नेऊन टाकायची, परत तेच झाड. मध्ये स्वतः जेवून आला. मी विचारलं, "यात गंमत कोणती?" तर म्हणाला, "लेव्हल वाढून रायली ना." घरी सरपण फोडायला सांगितलं तर हाच पोरगा कंबर धरतो.

रूनस्केपमध्ये प्रत्येक कौशल्याची शिखर-पातळी ९९. तिथे पोचायला १,३०,३४,४३१ गुण लागतात. आणि ९२ व्या पातळीवर पोचलेल्या माणसाकडे किती असतात? ६५,१७,२५३. म्हणजे ९२ ला आलात तेव्हा कुठे अर्धी वाट सरली. नव्या खेळाडूला हे सांगितलं तर तो हसतो, जुन्याला सांगितलं तर तो गप्प बसतो. छिंदवाडा–नागपूर नॅरोगेजची ब्रॉडगेज होत असताना रामाकोन्याच्या स्टेशनवर उभं राहून 'काम ९२ टक्के झालं' असं ज्यांनी ज्यांनी ऐकलं असेल, त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

पण एवढं करून कमावलेली ती ९९ कुणीही नेऊ शकत नाही. मेलात, तरी लाकूड तोडायची कला तुमच्यापाशीच. अंगावरचं सामान थडग्यात पडतं आणि खेळातली पंधरा मिनिटं तुमची वाट बघतं. जा, घ्या, पुढे चला. खरी लूटमार एकाच भागात, 'वाइल्डरनेस'मध्ये, आणि तिथे जायची सक्ती नाही. थोडक्यात, रूनस्केपमध्ये घाम अंगात मुरतो.

अल्बियनमध्ये घाम अंगावर असतो. तुम्ही घातलेले कपडे हेच तुमचं शिक्षण. धनुष्य घेतलं की धनुर्धर, काठी घेतली की वैद्य. आणि खेळातली जवळपास प्रत्येक तलवार, प्रत्येक चिलखत कुणातरी खेळाडूने बनवलेलं. हे ऐकायला फार छान. नकाशावर निळे, पिवळे, लाल आणि काळे भाग आहेत. निळ्यात निवांत. पिवळ्यात हरलात तर नुसते आडवे होता. लाल आणि काळ्यात मेलात की मारणाऱ्याच्या पुढ्यात तुमचं गाठोडं उघडतं, सदऱ्यापासून घोड्यापर्यंत. त्यातलं काही जागीच नष्ट होतं, म्हणजे चोरालाही पूर्ण सुख नाही. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कोणतं हत्यार वापरायला आणि बनवायला शिकलात त्याची नोंद 'डेस्टिनी बोर्ड' नावाच्या फळ्यावर राहते, ती पुसली जात नाही. म्हणजे डिग्री राहते, कपडे जातात. इथल्या बेरोजगार पोरांना हेही नवं नाही.

त्यात पुन्हा कापूस! अल्बियनमध्ये धाग्याच्या पिकांची उतरंड आहे. सर्वांत खालच्या पायरीवर कापूस, त्याच्यावर जवस, पुढे आणखी काही. हातात विळा घ्यायचा, बोंडांपाशी उभं राहायचं, कापत राहायचं. विळ्याने कापूस! आणि हे पीक सर्वांत भरघोस कुठे, तर दलदलीत. बर्लिनच्या माणसाने सौसरच्या बाजूला एक हंगाम काढला असता तर असा नकाशा झाला नसता. पण पुतण्याला त्याचं काही नाही. "त्याच्यात कापूस वेचा लागते म्हणे," असं तो मला डोळे चमकवून सांगत होता, तेव्हा त्याची आई मागे उभी होती. दसऱ्यानंतर तिने या पोराला शेतात न्यायला किती मिनतवाऱ्या केल्यात, ते तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ती काही बोलली नाही. मीही नाही.

कापूस काढला की त्याचं कापड करायला विणकराच्या कारखान्यात जायचं. तो कारखाना ज्या जागेवर उभा आहे ती शहरातली जागा कुणी खेळाडूने लिलावात घेतलेली असते, आणि मशीन वापरायची फी तो ठरवतो. गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेत, गेलात तर गिल्डचा कर वेगळा. बाजारात विकलंत तर बाजाराचा कर, आणि प्रीमियम घेतलेल्यांना तो निम्मा. गरिबाला पूर्ण दर, श्रीमंताला सवलत. खेळ काल्पनिक आहे असं कोण म्हणतो!

नेटवर्कचंही बघायला हवं, कारण आमच्याकडे फोनवर दांड्या किती दिसतात हे ढगांवर असतं. रूनस्केपचं सगळं जग ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं. तुमचा हुकूम थोडा उशिरा पोचला तरी पुढच्या ठोक्यात बसतो, झाडाला काही घाई नसते. अल्बियनचा आशियासाठीचा सर्व्हर २०२३ च्या मार्चपासून चालू झाला, तेव्हा अंतर पूर्वीपेक्षा बरंच कमी झालं. पण लाल भागात चौघे अंगावर आले आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं, तर ते गोल फिरणारं चाक बघत बघतच तुमचं गाठोडं उघडतं. परत आल्यावर तुम्ही नागडे, शहरात.

"याच्यात पैशे भेटतेत म्हणे," हा त्याचा आणखी एक मुद्दा. दोन्ही कंपन्यांना खेळाडूंनी खेळातलं सोनं खऱ्या पैशाने विकलेलं चालत नाही, सापडलात तर खातं बंद. तरी लोक विकतात. व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं दिवसभर रूनस्केपमधले हिरवे ड्रॅगन मारून त्यांची हाडं आणि कातडी विकून पोट भरत होती, कारण खेळातलं नाणं देशातल्या नाण्यापेक्षा भरवशाचं झालं होतं. २०१९ मध्ये तिथली वीज गेली, तर खेळाच्या बाजारात मालाची आवक मंदावली. पुतण्याला यात संधी दिसली. मला त्यात फक्त एवढंच दिसलं की खेळ खेळून पोट भरायला लागणं म्हणजे ड्रॅगन मारणं हीही मजुरीच, आणि खरी रोजंदारी मिळते आहे तोवर असली मजुरी करायला कुणी जाऊ नये.

आता बाजार, कारण शेवटी सगळं तिथेच येऊन अडकलं. रूनस्केपमध्ये ग्रँड एक्स्चेंज आहे. माल टाकायचा, भाव लिहायचा, निघून जायचं. सगळ्या जगाला एकच बाजार, घेणारा कोण हे कळत नाही, आणि एकेका मालाची चार तासांत किती खरेदी करता येईल याला मर्यादा. साठेबाजाला वेसण घातलेली. सज्जन बाजार, पण मिळमिळीत.

अल्बियनमध्ये प्रत्येक शहराचा बाजार वेगळा आणि भावही वेगळा. थेटफर्डला कापड स्वस्त पडलं असेल तर ते दुसऱ्या शहरात नेऊन विका, पण नेणार तुम्हीच. माल लादायला बैल मिळतो. हो, बैलच, त्याला ट्रान्सपोर्ट ऑक्स म्हणतात. हळू चालतो, ओझं खूप घेतो. मधोमध केअरलिऑन हे शहर, भोवती लाल भाग, आणि वाटेत दबा धरून बसलेली टोळकी. पोचलात तर नफा, नाही पोचलात तर बैलासकट सगळं गेलं. याच शहरात एक 'ब्लॅक मार्केट' आहे, पण नावावर जाऊ नका, ते खेळाने स्वतःच चालवलेलं आहे. खेळाडूंनी बनवलेली हत्यारं तिथे विकत घेतली जातात आणि तीच पुढे राक्षसांच्या खिशातून दुसऱ्या खेळाडूंना बक्षीस म्हणून निघतात. काळ्या बाजाराचा इतका पारदर्शक कारभार मी अजून तरी पाहिला नव्हता.

सगळं मोजून मी पुतण्याला सांगितलं, की रूनस्केप काढून टाकू नको. तिथल्या पातळ्या इकडे येणार नाहीत. एका खेळातलं काहीच दुसऱ्यात येत नसतं, आणि अल्बियनच्या एका सर्व्हरवरचा माणूस त्याच्याच दुसऱ्या सर्व्हरवरही जात नाही. अल्बियन बघायचा तर निळ्या-पिवळ्यात बघ. लाल भागात जाशील तेव्हा जे गेलं तर हळहळ होणार नाही तेवढंच घालून जा. आणि उधार बैल घेऊ नको. हे मी चांगली दहा मिनिटं, उदाहरणं देऊन सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. त्याच्या बापाचा संत्र्याचा बगिचा दर साली व्यापारी उक्ता घेतो, झाडावर फळ असतानाच. भाव व्यापारी सांगतो, बाप मान हलवतो. गारपीट झाली तर व्यापारी फोन उचलत नाही आणि भाव चढला तर बापाला कळतच नाही. पोराने हे लहानपणापासून पाहिलंय. थोडा वेळ तो फोनवर बोट घासत बसला, मग म्हणाला,

"पण काकाजी, त्याच्यात या गावातून त्या गावात माल नेणारा दलाल कोन रायते?"

"तूच. दुसरं कोण?"

"म्या सोता भाव सांगाचा?"

"हाव. आणि समोरचा मान हलवेल."

"मंग तं जमलं," तो उठला. "मी जातोच."