बनी तो बनी, नाहीतर परभणी

परभणीहून गंगाखेडला निघालं की वाटेत पोखर्णी लागतं. रेल्वेच्या पाटीवरसुद्धा नुसतं पोखर्णी नाही, ‘पोखर्णी नृसिंह’ आहे. वैशाखात नृसिंह जयंतीला इथे माणसांची रीघ असते. नृसिंह म्हटलं की डोळ्यांपुढे आधी जबडा येतो. पण हिरण्यकश्यपूचं पोट फाडायची वेळ आली तेव्हा देवानं ते काम नखांवर सोपवलं. एवढा जबडा असूनही देव दातांवर विसंबला नाही, यातला बोध आमच्या भागानं केव्हाच घेतलाय. दातांची काळजी करायची नाही आणि त्यांच्याकडून अपेक्षाही ठेवायची नाही.

शहरात हा समजूतदारपणा उरलेला नाही. तिकडे लोक काहीही दुखत नसताना सहा-सहा महिन्यांनी दाताच्या डॉक्टरकडे जातात म्हणे. न दुखणारा दात पैसे देऊन दाखवायचा, म्हणजे विहीर भरलेली असताना टँकर बोलवायचा.

आमच्या पद्धतीला शिस्त आहे. सुरुवात ‘बघू’पासून होते. गार पाण्यानं कळ आली की त्या बाजूनं पाणी प्यायचं नाही. भाकरीचा तुकडा अडकून ठणका लागला की दुसऱ्या बाजूनं चावायचं. माणसाला दोन गाल उगाच दिलेले नाहीत. मग येते लवंग. लवंगेच्या तेलात युजेनॉल असतं, त्यानं दाढ खरोखरच थोडी बधिर होते आणि डॉक्टरही ते वापरतात, त्यामुळे इथवर विज्ञान आपल्या बाजूनं आहे. आत जिवाणू साखर खातात, आम्ल तयार करतात आणि तोंडातला सामू साधारण ५.५च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. पण ठणका थांबलाय ना? मग त्यांच्या पोटावर आपण का पाय द्यायचा? लवंग थकली की दाढेत तंबाखूची चिमूट. चिमूट थकली की मेडिकलच्या काउंटरवर एवढंच म्हणायचं, “दाढेची द्या.” कोणती दाढ, काय झालंय, असल्या चौकशा तिथे होत नाहीत. शेवटी एका सकाळी गाल टम्म फुगतो, डोळा अर्धा मिटतो आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, “लईच ठणकायलीय तर जाऊन ये की परभणीला.”

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ या जुन्या म्हणीचा अर्थ लोक काहीही लावोत, दाढेपुरता तो इतका सरळ आहे.

परभणीच्या आधी एक जास्तीचा मुक्काम पूर्वी असे, तो आता विरळ झाला याचं वाईट वाटतं. कीड काढणारी बाई दारावर यायची. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायच्या, धूर नळीनं दाढेवर घ्यायचा, तोंडाखाली पाण्याचं भांडं धरायचं आणि थोड्या वेळानं त्यात पांढुरक्या बारीक अळ्या मोजून घ्यायच्या. पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ साली ग्रंथ लिहिला आणि सूक्ष्मदर्शकातून शोधूनही दातात असली अळी सापडली नाही म्हणून सांगितलं. बिचाऱ्याकडे रिंगणी नव्हती. आमच्याकडे अळी दिसत होती, मोजता येत होती आणि पैसेही तेवढ्याचेच द्यावे लागत होते. आता एक्स-रे दाखवतात. काळ्या फिल्मवर काळा डाग, यावर कुणी विश्वास ठेवायचा?

परभणीत दवाखाने भरपूर, डेंटल कॉलेजही आहे. अशा कॉलेजात सरांच्या नजरेखाली विद्यार्थी कमी पैशात उपचार करतात, म्हणून तिथे जायचं नसतं. शिकाऊ पोरांच्या हाती दाढ कोण देईल? ती कीडवालीच्या हाती दिली होती, ते वेगळं. दवाखान्यात डॉक्टर सांगतात, दाढ वाचेल, रूट कॅनॉल करू, वर कॅप बसवू. यावर आमचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे: “काढूनच टाका, डॉक्टर.” दाढ खालची असेल तर हे उत्तर. वरची असेल तर तिला हातच लावू द्यायचा नाही, कारण वरची दाढ काढली की डोळे जातात. दाताची नस वेगळी आणि नजरेची वेगळी, असं डॉक्टर चित्र काढून दाखवतात. आपण मान डोलवायची आणि पट्टी बांधून एसटी धरायची. वरची काढायची नाही आणि खालची ठेवायची नाही, या नियमानं साठीपर्यंत तोंडाचा हिशेब बरोबर निम्म्यावर येतो.

दात साफ करून घ्या, असाही एक आग्रह डॉक्टरांचा असतो. हा सापळा ओळखायला शिकलं पाहिजे. साफ केल्यावर दात हलतात हे सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर म्हणतात, किटणाखाली हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं होतं, दात किटणाच्या आधारानं उभे होते, आम्ही फक्त ते काढलं. म्हणजे आधार काढला हे कबूलच केलं की!

आता मिसरी. तिच्याबद्दल थोडं सावकाश बोललं पाहिजे, कारण एवढ्या निष्ठेनं दुसरं काहीच तोंडात जात नाही. चुलीवर जुना तवा, त्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची. घरभर खाट उठतो, पोरं खोकत अंगणात पळतात. पानं हातानं चुरून डबीत भरायची. सकाळी अंगणात बसून तर्जनीनं हिरडीवर, आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर. त्या वेळी मावशीची नजर कुठेतरी लांब लागलेली असते आणि सुनेनं काही विचारलं तर उत्तर फक्त भुवईनं मिळतं. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर केंद्र सरकारनं १९९२ सालीच बंदी आणली. मिसरी मात्र घरच्या तव्यावर होते आणि तव्यापर्यंत राजपत्र पोचत नाही. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के माणसं बिनधुराचा तंबाखू घेताना आढळली, बायकांत १६.६ टक्के. मिसरीचा सर्वांत मोठा गुण असा की ती दुखणं लपवते. हिरडीतून रक्त येणं हा आजाराचा पहिला निरोप. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त येत नाही, निरोप वाटेतच अडतो. हाड खाली सरकत राहतं आणि मावशी शेजारणीला सांगते, “माझी हिरडी बघ कशी घट्ट हाय.”

तरुण मंडळी मिसरीला नाकं मुरडतात. त्यांच्यासाठी पुडी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी असल्यानं आता दोन पुड्या वेगवेगळ्या घेऊन तळहातावर एकत्र कराव्या लागतात. तेवढाच हाताला व्यायाम. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड कमी कमी उघडतं. डॉक्टर तीन बोटं उभी आत घालायला सांगतात. तीन जात नाहीत, मग दोन, मग एक. याचे फायदे उघड आहेत. घास लहान होतो, खर्च वाचतो, बायकोशी वाद घालता येत नाही आणि डॉक्टरला मागच्या दाढा दिसतच नाहीत, म्हणजे बिलातून त्या वजा. त्या कातडीवर पुढे काय उगवतं हे परळच्या टाटा हॉस्पिटलातल्या बाकांवर बसलेल्यांना विचारावं. पण तिथे गेलेली माणसं गावी फार बोलत नाहीत, आणि बोलायला तोंड उघडावं लागतं.

एका माणसाला मात्र या गौरवातून वगळलं पाहिजे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत आणि यवतमाळ-चंद्रपुराकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. प्यायच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपुढे जाऊ नये असं भारतीय मानक सांगतं. लहानपणी हिरडीच्या आत दात घडत असताना ते पाणी पोटात गेलं की दात उगवतानाच तपकिरी, खडबडीत येतात. तिथली पोरगी पदर किंवा ओढणी तोंडाशी धरून हसते. तिनं पुडी खाल्लेली नाही, मिसरी लावलेली नाही, ब्रश रोज केलाय. दात सुंदर करणाऱ्या उपचारांची खरी गरज जर कुणाला असेल तर हिला, आणि नेमका हिच्यासाठीच घरात पैसा निघत नाही. मूर्खपणाच्या स्तुतीत तिला कुठे बसवायचं ते मला जमलेलं नाही, तेव्हा पुढे जाऊ.

पैसा निघतो तो नवरदेवासाठी. इतकी वर्षं दाढेच्या सिमेंटला हजार रुपये जड वाटत होते. लग्न जमलं की अख्खं घर ‘स्माईल डिझाइन’ हे शब्द न अडखळता बोलू लागतं. ज्या जिल्ह्यानं ज्वारीच्या वाणाला ‘परभणी मोती’ नाव दिलं, तिथल्या नवरदेवाचे दात पिवळे कसे चालतील? पुण्याहून आलेला मुलगा मोबाइलवर कुणाची तरी रील दाखवतो: “असे पाहिजेत.” डॉक्टर छटांची पट्टी पुढे करतात. तिच्यावर नैसर्गिक दातांच्या १६ छटा असतात. मुलाला त्यातली एकही पसंत पडत नाही. त्याला त्यापलीकडची पाहिजे, ब्लीचवाली, कमोडसारखी स्वच्छ.

दात वाकडे आहेत. तारा लावायला वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि हळद पुढच्या महिन्यात. तेव्हा दात घासून त्यावर टोप्या बसवल्या की सरळ. तारेचं काम कानशीनं. व्हेनिअर म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची चिनी मातीची टिकली. ती बसवायला बहुतेक वेळा तेवढंच इनॅमल खरवडावं लागतं. इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे आणि गेला की परत येत नाही. चहानं, गुळानं आणि आळसानं पंचवीस वर्षांत जे संपलं नाही, ते इथे एका दुपारी संपतं, तेही रीतसर पावतीनिशी. ब्लीचिंगनं नुसता खरा दात पांढरा होतो, कॅपचा रंग हलत नाही. म्हणून शहाणे लोक आधी ब्लीचिंग करतात, मग त्या रंगाची कॅप घेतात. आम्ही आधी कॅप घेतो. मग भोवतीचे दात उजळतात आणि ती एकटी मूळच्या रंगाला जागते.

“मागच्या चार दाढा किडल्यात, आधी त्या करू,” डॉक्टर म्हणतात.

“फोटोत कुठं येत्यात त्या?” मामा विचारतात. “पुढचे सहा करा फक्त.”

मामांचं बरोबर आहे. फोटोग्राफर दाढेचा फोटो काढत नाही. नवरदेव पुढच्या सहांनी हसतो आणि पंगतीत बसल्यावर जिलबी कोणत्या बाजूला ठेवावी याचा विचार करत थांबतो.

याच धामधुमीत विहीणबाई चांगल्या दिसाव्यात म्हणून मुलाच्या आईलाही एक कॅप मिळते, धातूवर सिरॅमिक चढवलेली, कारण स्वस्तात तीच. वर्षं जातात, हिरडी खाली सरकते आणि कॅपच्या काठाला धातूची काळी रेघ दिसू लागते. डॉक्टर ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना कॅप बदला म्हणतात. आमच्याकडून अशी तक्रार जात नाही. मिसरीनं हिरडी आणि शेजारचे दात अगदी त्याच रंगाचे होतात, रेघ कुठली आणि मिसरी कुठली, कुणालाच सांगता येत नाही.