अनवटरावांचा जपान

अनवटराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, आम्ही ठेवलेलं आहे. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक कचेरीत आणि आता प्रत्येक व्हॉट्सॲप गटात असा एक गृहस्थ असतोच. त्याला गर्दीचा मनापासून तिटकारा असतो आणि तो तिटकारा ऐकवायला त्याला गर्दी लागते. आमच्या अनवटरावांनी तरुणपणी महाबळेश्वर टाळलं, कारण तिथे सगळे जातात. ते तोरणमाळला गेले. परत आल्यावर भेटेल त्याला त्यांनी तोरणमाळला पिटाळलं. आता तिथेही माणसं दिसायला लागली म्हणून ते तोरणमाळवर नाराज आहेत. निवृत्तीनंतर त्यांची नजर जपानवर पडली आहे.

जपान म्हणजे टोकियो, क्योटो आणि फुजी पर्वत असं कुणी म्हणालं की अनवटराव डोळे मिटून घेतात. "तिकडे एकसारख्या टोप्या घातलेली माणसं जातात," असं त्यांचं मत. २०२४ साली जपानमध्ये ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी लोक गेले, ही बातमी त्यांनी आमच्या गटावर "पाहा!" एवढ्याच मजकुरासह टाकली. फुजीकावागुचिको गावात एका दुकानाच्या छपरामागे फुजी छान दिसतो. तिथे फोटोवाल्यांनी इतका उच्छाद मांडला की त्या मे महिन्यात स्थानिक प्रशासनानं समोर चक्क काळा पडदा उभारला. त्या दिवशी अनवटरावांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

त्यांचा जपान खेड्यापाड्यांतला. डोंगरवाटा, गरम पाण्याचे झरे, निरव शांतता. त्याचा तक्ता त्यांच्या संगणकावर आहे. 'जपान अंतिम', 'जपान अंतिम सुधारित' आणि 'जपान अंतिम खरोखर' अशा तीन आवृत्त्या मी स्वतः पाहिल्या आहेत. नागोयापर्यंत शिंकान्सेन, तिथून 'शिनानो' गाडीनं नाकात्सुगावा, पुढे पंचवीसेक मिनिटांची बस आणि मग मागोमे. मागोमे ते त्सुमागो हे आठ किलोमीटर पायी जायचं. नाकासेंदो या जुन्या राजमार्गाचा हा एक तुकडा. एदो काळात क्योटोहून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, डोंगरातून जाणारा हा रस्ता आणि वाटेत मुक्कामाची ६९ गावं. तेवढ्याच प्रवासाला समुद्राच्या बाजूनं तोकाइदो नावाचा दुसरा रस्ताही होता. तो मात्र अनवटरावांना पसंत नाही. "तिथे तेव्हाही फार गर्दी असायची," असं ते सतराव्या शतकाबद्दल बोलतात, जणू त्या रस्त्यानं एकदा जाऊन पस्तावले आहेत.

त्सुमागोची कथा मात्र ते फार चांगली सांगतात. रेल्वे आणि नवा रस्ता दुसरीकडून गेल्यावर गाव ओस पडायला लागलं. मग गावकऱ्यांनीच ठरवलं की घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ साली सरकारनं ज्या पहिल्या काही वस्त्यांना संरक्षण दिलं त्यांत त्सुमागो होतं. हे तीन नियम अनवटरावांनी आमच्या सर्वसाधारण सभेत उभं राहून सांगितले. तेव्हापासून पुनर्विकास समितीचे लोक त्यांना चहाला बोलवत नाहीत.

हे मागोमे-त्सुमागो त्यांच्या मते अजून जगाला ठाऊक नाही. तिथे इंग्रजी पाट्या आहेत आणि एका गावातली बॅग दुसऱ्या गावात पोचवून देणारी सोय आहे. अर्ध्या वाटेवरच्या जुन्या चहाघरात येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट चहा मिळतो. हे सगळं त्यांच्या तक्त्यात नोंदलेलं आहे. अज्ञात जागी एवढी व्यवस्था कुणासाठी केली असावी, हा प्रश्न त्यांना पडत नाही. वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगलेल्या आहेत. जाणाऱ्यानं ती वाजवायची, म्हणजे अस्वल दूर राहतं. वहिनींचं म्हणणं, "हे बरोबर असताना घंटा कशाला हवी?"

रेल्वे पासाचं प्रकरण त्यांना वर्षभर पुरलं. सात दिवसांचा पास २९,६५० येनला मिळायचा, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये एकदम ५०,००० येनचा झाला. ही वाढ आपल्याला उद्देशून झाली आहे, अशी त्यांची खात्री आहे. मग सुटी तिकिटं स्वस्त पडतात हे त्यांनी दर टप्प्याच्या हिशेबानं सिद्ध केलं आणि तो हिशेब सगळ्यांना पाठवला. त्या आठवड्यात शिर्डीला निघालेल्या माझ्या मेहुण्यालासुद्धा तो मिळाला.

जेवणाची बाजू वहिनींकडे. जपानी रसभाज्यांत आणि सूपमध्ये बहुधा दाशी असते आणि दाशी म्हणजे वाळवलेल्या माशाच्या किसाचं पाणी. नागानोच्या डोंगरात तर सोया आणि साखरेत शिजवलेले नाकतोडे ही आवडीची चीज आहे. अनवटराव म्हणाले, "स्थानिक ते खावं." वहिनींनी शांतपणे मेतकुटाचं प्रमाण दुप्पट केलं. शिवाय गावातल्या मुक्कामी जेवण सहा-साडेसहाला वाढतात, म्हणजे सदाशिव पेठेत दुपारचा चहा नुकताच संपतो तेव्हा. यावर तोडगा म्हणून त्यांनी कोयासानचा मुक्काम घेतला. इसवी सन ८१६ पासूनचं हे मठांचं गाव, त्यामुळे जेवण मांस-मासळीशिवायचं आणि कांदा-लसूणही नाही. कोयासान ज्या वाकायामा प्रांतात आहे, त्याच्याशी महाराष्ट्र सरकारनं २०१३ साली सहकार्याचा करार केलेला आहे. हे कळल्यापासून आपण तिथे निम्मे सरकारी पाहुणे आहोत, असं अनवटराव धरून चालले आहेत.

एवढी सगळी तयारी ज्या एका गोष्टीपाशी अडली, ती म्हणजे अंघोळ.

ओन्सेन हा जपानचा जीव की प्राण. १९४८ च्या कायद्यानुसार जमिनीतून निघणारं पाणी किमान २५ अंश गरम असावं किंवा त्यात ठरावीक घटकांपैकी काही असावं, म्हणजे ते ओन्सेन. अनवटरावांनी हे सांगताच तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले, "मग मे महिन्यात आपली बोअरसुद्धा ओन्सेनच की!" पण अडचण तापमानाची नव्हतीच. ओन्सेनमध्ये अंगावर एक धागाही चालत नाही. आधी बुटक्या चौरंगावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग कुंडात उतरायचं. हातातला छोटा टॉवेल पाण्याला लागू द्यायचा नाही, हवं तर डोक्यावर ठेवायचा. हे वाचल्यावर हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेला हा माणूस दोन दिवस अबोल झाला. गटावरचे लोक काळजीत पडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच विचारलं, "पंचा चालत असेल का हो?"

वहिनींना यात काहीच अवघड वाटलं नाही. "बायकांचं वेगळं असतं ना? मग झालं. कोकणात आमची आजी तुरळच्या कुंडावर जायची, तेव्हा कुठे तुमचे कायदे होते? आणि मी वज्रेश्वरीला चला म्हटलं की तिथे गर्दी असते म्हणता!"

सुटका केली कुमानोनं. कुमानो कोदो या तीर्थयात्रेच्या वाटा २००४ पासून जागतिक वारशात आहेत. ताकिजिरीपासून होंगू देवस्थानापर्यंत साधारण ३८ किलोमीटर चालायचं, वाटेतल्या छोट्या देवळांपाशी वहीवर शिक्के उमटवायचे. पलीकडेच युनोमिने नावाचं गरम पाण्याचं चिमुकलं गाव आहे. ओढ्याच्या कडेला लाकडी खोपटं, आत खडकातलं एक कुंड, तेच त्सुबोयू. पाण्याचा रंग दिवसातून सात वेळा बदलतो म्हणतात. जागतिक वारशात गणलेलं आणि तरीही आत उतरून अंघोळ करता येणारं हे कुंड. एका वेळी दोघा-तिघांनी जायचं, अर्धा तास मिळतो आणि दाराला आतून कडी आहे. अनवटरावांनी वारसा, रंग वगैरे सगळं वाचलं, पण अधोरेखित कडी केली. आता सगळा दौरा त्या अर्ध्या तासाभोवती बेतलेला आहे. घोर एकाच गोष्टीचा आहे. त्सुबोयूची वेळ आगाऊ ठरवून मिळत नाही. तिथे जायचं, क्रमांक घ्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत बसून राहायचं. बसच्या थांब्यापर्यंतची मिनिटं मोजलेल्या तक्त्यात हा एक रकाना कोरा राहिला आहे आणि तो त्यांना झोपू देत नाही.

दरम्यान वहिनींनी तानाबे शहराच्या कुमानो पर्यटन कार्यालयाच्या संकेतस्थळावरून वाटेवरच्या घरगुती मुक्कामांची नोंदणी करूनही टाकली. मासे नकोत हे त्यांनी तिथेच लिहिलं. अनवटरावांनी ती नोंदणी 'तात्पुरती' या सदरात घेतली आहे.

खरी गंमत पुढेच आहे. या निर्जन, अज्ञात, निःशब्द जपानचं वर्णन त्यांनी इतक्यांना आणि इतक्या रसाळपणे केलं की आता साडू-मेहुणी येताहेत, भिशीतल्या दोन जोड्या येताहेत आणि तळमजल्यावरचे आजोबाही पारपत्राचं नूतनीकरण करून बसले आहेत. नाही म्हणणं अनवटरावांच्या स्वभावात नाही. श्रोता सोडवत नाही त्यांना. सगळ्यांसाठी एकसारख्या टोप्या घ्याव्यात का, अशी चर्चा परवा कानावर आली. सूचना कुणाची, ते मी विचारलं नाही.

तुम्हाला खरोखरच जपानच्या खेड्यापाड्यांत शांतपणे हिंडायचं असेल, तर अनवटरावांचा तक्ता अवश्य मागून घ्या. गाड्या, बस, चढउतार, सगळं अचूक आहे आणि ते तो आनंदानं देतील. फक्त "तुम्हीही चला ना आमच्याबरोबर" असं शिष्टाचार म्हणूनसुद्धा म्हणू नका. ते लगेच हो म्हणतात.