चौकशी पक्की, घर नक्की

नव्या मोहल्ल्यात जाण्याआधी चौकशी करावी, हे सगळ्यांना कळतं. ती कशी वाया घालवावी, हे शिकायचं तर वरसईच्या विष्णुभट गोडशांकडून. घरावर कर्ज, उत्तरेत ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा मोठा यज्ञ, दक्षिणा भरपूर. एवढी माहिती काढून भटजी १८५७ साली निघाले. महूच्या वाटेवर शिपायांनी बजावलं, बंड होणार आहे, मागे फिरा. भटजी पुढेच गेले आणि मुक्कामाला गाव गाठलं ते झाशी! मार्च १८५८मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या तोफा दारात. एप्रिलमध्ये शहर पडलं, लूट झाली, गाठीचा पैसा गेला.

आपण चौकशी करतो ती बेत ठरल्यावर, आणि मनासारखं उत्तर मिळेपर्यंतच.

आज रेल्वेत बदली होऊन झाशीला येणारे आपले साहेब तरी वेगळं काय करतात? किल्ला किती लांब, गणपती कुठे बसतो, सिपरी बाजारात बाकरवडी मिळते का, सगळं विचारून होतं. पाण्याचं विचारलं की दलाल छातीवर हात ठेवतो, "चौबीसों घंटे, भाईसाहब!" त्याच्या पाठीमागे गच्चीवर बिऱ्हाडागणिक दोन-दोन टाक्या, नळाला चिकटलेला टुल्लू पंप आणि जिन्याखाली साखळीने जखडून कुलूप लावलेले निळे ड्रम. रिकाम्या ड्रमला कुलूप कशाला, हे साहेब विचारत नाहीत. ते होकायंत्र काढून दार पूर्वेला आहे ना, एवढं बघतात.

मोहल्ला साहेबांची करतो ती चौकशी मात्र चोख असते. टेम्पोतून कपाट उतरायच्या आत आडनाव, पगार, अंडं खाता का आणि मुलीचं लग्न जमलं का, इथवर मजल गेलेली असते. उरलेलं काम "कौन लोग हो?" या तीन शब्दांत भागतं. जात थेट विचारणं असभ्यपणाचं, म्हणून ही सोय. आपल्याकडे पुण्या-मुंबईत तेच काम "आडनाव काय म्हणालात?" करतं, तेव्हा नाकं मुरडायचं कारण नाही.

झाशीत घर बघायचं तर मे महिन्यात बघा, पारा ४५च्या आसपास असताना, आणि दलालाला घरीच ठेवा. समोरच्या वहिनींना "टँकर येतो का?" असं विचारू नका, त्या मोहल्ल्याची अब्रू राखतील. "टँकर किती वाजता येतो?" असं विचारा. वेळ बिनचूक सांगितली, की अकरा महिन्यांच्या करारावरची सही तेवढी लांबवा.